‘रन’ शिकताना ‘धावणे’ सोडा, ‘चालणे’ धरा

शाळेत इंग्रजीचे पहिले धडे गिरवताना ‘रन’ म्हणजे धावणे हे समीकरण डोक्यात पक्के बसते, आणि पुढे खऱ्या वाचनाची वेळ आली की तेच आडवे येते. ‘हर नोज इज रनिंग’ या वाक्यात नाक धावत नाही, ‘ही रन्स अ हॉटेल’ या वाक्यात हॉटेल पळवून नेण्याचा प्रकार नाही, आणि ‘द शुगर हॅज रन आउट’ असे कोणी म्हणाले तर साखर दाराबाहेर पळालेली नसते. तिन्ही वाक्यांतले शब्द ओळखीचे आहेत, व्याकरणही सोपे आहे, तरीही अर्थ हाती लागत नाही, कारण जो शब्द आपल्याला येतो अशी खात्री असते तो आपण शब्दकोशात पाहतच नाही.

ज्यांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता येतात, परंतु वृत्तपत्र, कार्यालयीन पत्र किंवा परदेशी सहकाऱ्याचे बोलणे समजून घेताना अडखळायला होते, अशा नवशिक्यांसाठी हा लेख आहे. येथे एकच शब्द घेतला आहे, पण तो सावकाश आणि पायरीपायरीने घेतला आहे. एका शब्दावर हात बसला की ‘सेट’, ‘टेक’, ‘गेट’ यांसारख्या बहुअर्थी शब्दांवरही हीच रीत वापरता येते.

आधी आकड्याची भीती घालवू

‘रन’ हा इंग्रजीतला सर्वांत जास्त अर्थांचा शब्द मानला जातो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 मध्ये निघाली तेव्हा हा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता आणि त्याचे 430 अर्थ तेथे नोंदले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासण्याचे काम सुरू झाले, आणि 2011 पर्यंत ‘रन’ या शब्दाच्या निव्वळ क्रियापदाचेच 645 अर्थ मोजले गेले. या एका नोंदीवर कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर सुमारे नऊ महिने काम करत होते. या वाढीचे एक कारण असे सांगितले जाते की यंत्रयुग आल्यावर इंजिन, आगगाडी, गिरणी आणि शेवटी संगणक या साऱ्यांच्या ‘चालण्याला’ इंग्रजीने हाच शब्द लावला, त्यामुळे प्रत्येक नव्या यंत्राबरोबर त्याचा संसार वाढत गेला.

या 645 अर्थांत कालबाह्य झालेले, जहाजांवरचे, खाणीतले, शिकारीतले असे कित्येक अर्थ आहेत आणि ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसालाही ठाऊक नसतात. रोजच्या वाचनात येणारे अर्थ थोड्या घरांत बसवता येतात, हे पुढे दिसेलच. शिवाय आपण स्वतः अशाच एका शब्दाबरोबर लहानपणापासून सुखाने राहत आहोत. मराठीतले ‘लागणे’ पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागते, वेळ लागतो, दार लागते, आंबा आंबट लागतो, एखाद्याला बस लागते आणि तो खिडकीशी बसतो, आणि मामा आपला कोणीतरी लागतो. हे सारे अर्थ आपल्याला कोणी यादी करून शिकवले नाहीत. कशाला काय ‘लागते’ हे वाक्यासकट कानावर पडत गेले आणि अर्थ आपोआप वेगळे होत गेले. ‘रन’ शिकतानाही शब्द एकटा न घेता त्याच्या सोबत्यांसकट घ्यायचा आहे.

पहिली पायरी: घरात आधीच असलेले ‘रन’ गोळा करा

वहीचे पहिले पान इंग्रजी पुस्तकातून नव्हे, तर आपल्या बोलण्यातून भरावे. फर्निचर करणारा सुतार किंवा ग्रिल बसवणारा कारागीर ‘रनिंग फुटाचा’ भाव सांगतो. तेथे लांबीचे सलग माप अभिप्रेत असते, रुंदी आणि क्षेत्रफळ त्यात धरलेले नसते. जुनी दुचाकी विकणारा ‘गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे’ म्हणतो, म्हणजे ती चालू अवस्थेत आहे. घेणारा लगेच ‘रनिंग किती झालंय?’ असे विचारतो, म्हणजे त्याला आजवर कापलेले किलोमीटर हवे असतात. ‘रनिंग बिझनेस विकणे आहे’ या जाहिरातीतला धंदा चालता असतो. रेल्वेतले लोक इंजिनचालक आणि गार्ड यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात आणि त्यांच्या विश्रांतीच्या जागेला ‘रनिंग रूम’, आणि त्या खोलीत कोणी पळत नाही, उलट झोपतात.

या चार-पाच उदाहरणांतच ‘रन’चे सलग लांबी, चालू स्थिती, कापलेले अंतर आणि वाहतुकीची सेवा असे चार अर्थ आले. एकाही ठिकाणी ‘धावणे’ उपयोगी पडले नाही. शाळेने दिलेला अर्थ बाजूला ठेवून कारागिराने दिलेला अर्थ आधी लिहावा, असे मला वाटते ते याच कारणाने.

दुसरी पायरी: ‘धावणे’ या खुंटीऐवजी ‘चालणे’ ही खुंटी वापरा

मराठी माणसाला ‘रन’ समजून घ्यायचा सर्वांत जवळचा रस्ता ‘चालणे’ या क्रियापदातून जातो. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक वर्षभर चालते, खटला चालतो, पंप चालतो, रीत पिढ्यान्पिढ्या चालत येते. यांतल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसतो. दोन्ही भाषांनी पायांच्या हालचालीचा एक शब्द घेतला आणि ‘न थांबता पुढे जाणे’ एवढाच अर्क त्यातून काढला. आपण सावकाश गतीचा शब्द निवडला, त्यांनी वेगाचा निवडला, एवढाच फरक.

हा अर्क धरला की पुढची घरे आपोआप मांडता येतात. पहिले घर पायांचे आहे, आणि ते सोपे असल्याने तेथे थांबायला नको. दुसरे घर पाण्याचे आहे आणि ते नवशिक्याला अनपेक्षित वाटते, पण वाहण्याचा अर्थ या शब्दात मागून शिरलेला नसून फार जुना आहे. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत याच कुळातले ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे ओघळणे असे दोन शब्द आजही शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीत मात्र दोन्ही प्रवाह एकाच शब्दात मिळाले. म्हणून ‘द टॅप इज रनिंग’ म्हणजे नळ चालू राहिला आहे, ‘टिअर्स रॅन डाउन हर चीक्स’ म्हणजे गालांवरून अश्रू ओघळले, आणि नवे कापड धुतल्यावर ‘द कलर्स हॅव रन’ म्हणजे रंग गेला किंवा एकाचा दुसऱ्याला लागला. अमेरिकेच्या काही भागांत लहान ओढ्यालाही ‘रन’ म्हणतात. अमेरिकी यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई 21 जुलै 1861 रोजी व्हर्जिनियात ‘बुल रन’ येथे झाली. हे नाव वाचून बैलांची शर्यत डोळ्यांसमोर येते, पण ते तिथल्या ओढ्याचे नाव आहे.

तिसरे घर यंत्रांचे आणि वाहतुकीचे. ‘द इंजिन इज रनिंग’, ‘द बसेस रन एव्हरी टेन मिनिट्स’, ‘रन द प्रोग्रॅम’ ही वाक्ये ‘चालणे’ घातले की लगेच उलगडतात. या घरात मराठीनेही कधीकधी ‘धावणे’ स्वीकारले आहे. फलाटावर ‘गाडी उशिराने धावत आहे’ ही घोषणा ऐकू येते, आणि उशीर झालेली गाडी धावते कशी, हा प्रश्न आपल्याला आता पडत नाही.

चौथे घर कारभाराचे. घर, शाळा, संस्था, दुकान, राज्य ही सारी माणसे ‘रन’ करतात, म्हणजे चालवतात. पाचवे घर लांबीचे आणि मुदतीचे. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ म्हणजे रस्ता नदीच्या कडेकडेने जातो, ‘द लीज रन्स फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे भाडेपट्टा पाच वर्षांचा आहे, ‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’ म्हणजे त्या घराण्यात मधुमेह पिढीजात आहे. सुताराचा रनिंग फूट याच घरात ठेवावा.

सहावे घर थोडे निराळे आहे, कारण तेथे ‘रन’ला स्वतःचा असा अर्थ फारसा उरत नाही आणि त्याच्यापुढचे विशेषणच सारे काम करते. ‘रन ड्राय’ म्हणजे आटणे, ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे, ‘रन लो’ म्हणजे संपत येणे, ‘रन लेट’ म्हणजे उशीर होणे, ‘रन वाइल्ड’ म्हणजे मोकाट सुटणे. ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ ही इंग्रजी म्हण याच साच्यातली आहे, आणि संथ पाणी खोल असते हा तिचा अर्थ आपण ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असा दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

तिसरी पायरी: कर्म आहे की नाही ते पाहा

मराठी व्याकरण येथे खरोखर मदतीला येते, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नये. आपल्याकडे दुकान ‘चालते’ आणि माणूस दुकान ‘चालवतो’. अकर्मक आणि प्रयोजक रूपांतला फरक क्रियापदाच्या अंगावरच दिसतो. इंग्रजीत हा फरक अंगावर दिसत नाही. ‘द शॉप रन्स वेल’ आणि ‘ही रन्स द शॉप’ या दोन्ही वाक्यांत ‘रन्स’ तोच आहे. म्हणून वाक्य वाचताना ‘रन’च्या लगेच पुढे नाम आले आहे का, हे आधी पाहावे. नाम आले असेल, तर कोणीतरी काहीतरी चालवतो आहे असे समजून अर्थाचा शोध सुरू करावा.

‘ही रन्स’ म्हणजे तो धावतो. ‘ही रन्स अ स्कूल’ म्हणजे तो शाळा चालवतो. ‘ही रॅन मी होम’ म्हणजे त्याने मला गाडीने घरी सोडले. ‘शी रॅन अ बाथ’ म्हणजे तिने आंघोळीसाठी टबात पाणी सोडले. ‘शी रॅन हर फिंगर्स थ्रू हर हेअर’ म्हणजे तिने केसांतून बोटे फिरवली. ‘द पेपर रॅन द स्टोरी’ म्हणजे वृत्तपत्राने ती बातमी छापली. या सर्वांत प्रयोजकाची छाया आहे: पाण्याला वाहू दिले, बोटांना फिरू दिले, बातमीला जाऊ दिले.

काही कर्मे मात्र या हिशोबात बसत नाहीत आणि ती जोडीनेच लिहून ठेवावी लागतात. ‘रन अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणे, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे, ‘रन अ लॉस’ म्हणजे तोट्यात असणे, ‘रन एन एरंड’ म्हणजे कोणाचे बाहेरचे काम करून येणे.

याच पायरीवर रूपांचेही पाहून घ्यावे. ‘रन, रॅन, रन’ असा हा क्रम आहे, म्हणजे तिसरे रूप फिरून पहिल्यासारखेच होते. ‘हॅज’ आणि ‘हॅड’ यांच्यापुढे ‘रॅन’ लिहिणे ही आपल्याकडे फार आढळणारी चूक आहे. ‘रनिंग’ लिहिताना ‘एन’ हे अक्षर दोनदा येते.

चौथी पायरी: पुढे कोणता छोटा शब्द आला, ते तपासा

सर्वाधिक फसगत येथे होते. ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘थ्रू’, ‘बाय’, ‘अप’ असे छोटे शब्द ‘रन’च्या पुढे आले की दोघांचा मिळून तिसराच अर्थ होतो. मराठीत ‘उठणे’ आणि ‘जीवावर उठणे’, ‘बसणे’ आणि ‘मागे लागून बसणे’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच हे अंतर समजावे.

‘रन आउट’पासून सुरुवात करू, कारण तो मराठी घरांत क्रिकेटमुळे आधीच पोहोचला आहे. फलंदाज ‘रन आउट’ झाला म्हणजे तो धावचीत झाला. पण दूध ‘रन आउट’ झाले म्हणजे दूध संपले, आणि ‘आय हॅव रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे माझ्याकडचे दूध संपले. दोहोंतला भेद व्याकरणातून कळतो. फलंदाजाला कोणीतरी बाद करतो, म्हणून तेथे ‘वॉज रन आउट’ अशी कर्मणी रचना येते, तर दूध आपले आपण संपते, म्हणून तेथे ‘रॅन आउट’ किंवा ‘हॅज रन आउट’ येते. ‘आय वॉज रन आउट ऑफ मिल्क’ असे लिहिले तर वाक्य चुकते.

‘रन इन्टू’चे दोन प्रमुख अर्थ आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच लांब आहेत. गाडी खांबाला ‘रन इन्टू’ झाली तर ती धडकली, पण बाजारात जुना मित्र ‘रन इन्टू’ झाला तर तो अचानक भेटला. खर्च लाखांत ‘रन इन्टू’ होतो तेव्हा तो लाखांच्या घरात जातो. ‘रन ओव्हर’मध्ये तर आणखी गफलत होऊ शकते: कुत्रा गाडीखाली सापडला तरी ‘रन ओव्हर’, सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली तरी ‘रन ओव्हर’, आणि सभेपूर्वी मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवली तरीही ‘रन ओव्हर’. अपघाताच्या अर्थी मनुष्य किंवा प्राणी कर्म म्हणून येतो, लांबण्याच्या अर्थी कर्मच नसते, आणि नजर फिरवण्याच्या अर्थी मुद्दे, टिपणे, हिशेब अशा गोष्टी कर्म म्हणून येतात. म्हणजे मागच्या पायरीवरचा प्रश्न येथे पुन्हा विचारावा लागतो.

‘रन डाउन’ असलेली इमारत मोडकळीला आलेली असते, ‘रन डाउन’ झालेली बॅटरी उतरलेली असते, ‘रन डाउन’ वाटणारा माणूस थकलेला असतो, आणि कोणी कोणाला ‘रन डाउन’ करतो तेव्हा तो त्याची निंदा करत असतो. ‘रन अप’ बिलाशी किंवा कर्जाशी जोडलेला दिसला तर बिल वाढवून ठेवले, कर्ज करून ठेवले, असा अर्थ घ्यावा. ‘रन थ्रू’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरभर उजळणी करणे.

कार्यालयात काम करणाऱ्यांनी ‘रन बाय’ नीट लक्षात ठेवावा. ‘द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट’ म्हणजे शाळा न्यासामार्फत चालवली जाते, हे सरळ आहे. परंतु वरिष्ठाने ‘रन इट बाय मी फर्स्ट’ असे सांगितले तर ‘काम माझ्याकडून चालवून घ्या’ असा त्याचा अर्थ नसतो. ‘पाठवण्यापूर्वी एकदा माझ्या कानावर घाला’ एवढेच त्याला म्हणायचे असते. परदेशी वरिष्ठांबरोबर काम करणाऱ्या नवख्या माणसाचा या एका वाक्याने घोटाळा होऊ शकतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द त्याला येत असतो.

पाचवी पायरी: नाम म्हणून आलेला ‘रन’ वेगळ्या पानावर लिहा

‘अ’, ‘द’ किंवा एखादे विशेषण आधी आले की ‘रन’ नाम झाला असे समजावे. आपल्याला सर्वांत जवळचे नाम क्रिकेटचे, आणि तेथे मराठीने मोठी हौस केली आहे. ‘रन’ला धाव, ‘रन आउट’ला धावचीत, धावसंख्येच्या फळ्याला धावफलक. चीत करणे हा शब्द कुस्तीच्या आखाड्यातला. तेथून त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत आणि धावचीत असे सारे कुटुंब मैदानावर आले. गंमत अशी की चेंडू सीमापार गेला तर फलंदाजाला पळावे लागत नाही, तरी त्याच्या नावावर चार धावा जमा होतात. म्हणजे या खेळात ‘रन’ हे गुणांचे एकक झाले आहे आणि पायांशी त्याचा संबंध सैल पडला आहे.

बँकिंगमधले ‘अ रन ऑन द बँक’ तर आणखी पुढचे. बँक बुडेल या भीतीने सर्व ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला आले की त्याला हे नाव देतात. सप्टेंबर 2007 मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांसमोर असेच झाले होते, आणि त्या बातम्यांच्या छायाचित्रांत माणसे धावताना नव्हे तर शांतपणे रांगेत उभी असलेली दिसतात.

उरलेली नामे पटकन पाहता येतील. ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रतींची संख्या. ‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणी. ‘इन द लाँग रन’ म्हणजे दीर्घकाळाचा विचार करता, आणि ‘ऑन द रन’ असलेला आरोपी म्हणजे फरार. कोंबड्यांसाठी जाळी लावून केलेल्या मोकळ्या आवारालाही ‘रन’ म्हणतात. ‘फॉर थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. येथे ‘रनिंग’ हा शब्द दिवसांच्या नंतर येतो, हे ध्यानात ठेवावे, कारण तो आधी आणला की अर्थ बिघडतो. ‘रनर अप’ म्हणजे उपविजेता. ‘रनवे’ला आपण धावपट्टी केले आणि ‘रनिंग कॉमेंट्री’ला धावते समालोचन. हे दोन्ही शब्द आता इतके रुळले आहेत की ते परके वाटत नाहीत. उलट ‘धावती भेट’ इंग्रजीत नेताना मात्र ‘रनिंग’ वापरू नये. ते लोक अशा भेटीला उडती भेट म्हणतात, म्हणजे ‘फ्लाइंग व्हिजिट’.

सहावी पायरी: वाक्य कोणत्या देशातले आहे?

इंग्रजी एकच असली तरी तिचे संसार निरनिराळे आहेत. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो निवडणुकीला ‘स्टँड’ करतो, आणि भारतीय वृत्तपत्रांत तो निवडणूक ‘कॉन्टेस्ट’ करतो. मराठीत दोन प्रयोग आहेत: ‘निवडणुकीला उभे राहणे’ ब्रिटिश प्रयोगाशी जुळते आणि ‘निवडणूक लढवणे’ भारतीय इंग्रजीशी. अमेरिकी बातमीत ‘शी इज रनिंग फॉर गव्हर्नर’ असे दिसले तर ती गव्हर्नरसाठी धावते आहे असे न समजता, त्या पदाच्या निवडणुकीला उभी आहे असे समजावे.

लाल दिवा ओलांडणारा चालक अमेरिकेत तो ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये आणि आपल्या इंग्रजीत ‘जम्प’ करतो, मराठीत तो सिग्नल तोडतो. पायमोज्याचा धागा सुटून पडणारी उभी रेघ अमेरिकेत ‘रन’ आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’ असते. वाहत्या नाकाला आपल्याकडे ‘रनिंग नोज’ म्हणतात, तर तिकडे ‘रनी नोज’ हा प्रयोग अधिक रुळलेला आहे. डॉक्टरांना दोन्ही समजते, परीक्षेत मात्र दुसरा लिहावा.

सातवी पायरी: शब्दकोश आणि वही

मोठा ऐतिहासिक कोश अर्थांची मांडणी कालक्रमाने करतो, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी येतो आणि आजचा नेहमीचा अर्थ कदाचित खूप खाली सापडतो. नवशिक्याने तो कोश कुतूहलासाठी पाहावा, अभ्यासासाठी नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश प्रचलित अर्थ वर ठेवतात आणि लांब नोंदीत प्रत्येक अर्थापुढे ‘यंत्र’, ‘द्रव’, ‘निवडणूक’ अशा धर्तीचा सूचक शब्द छापतात. आपण मघाशी मांडलेली घरे हेच काम करत होती. इंग्रजी-मराठी कोशात बहुधा स्वल्पविराम देऊन दहा मराठी शब्द एका ओळीत लिहिलेले असतात आणि कोणता शब्द कोणत्या वाक्यात, हे तेथे कळत नाही. तो कोश शेवटी उघडावा, आधी नाही.

वहीत ‘रन म्हणजे अमुक’ अशी ओळ लिहू नये. पूर्ण वाक्य लिहावे, त्याखाली आपण घरी जसे बोलू तसे मराठी वाक्य लिहावे, आणि समासात घराचे नाव टाकावे: पाय, पाणी, यंत्र, कारभार, मुदत, अवस्था. आठवड्याला पाच वाक्ये पुरेत. एखादे वाक्य कोणत्याच घरात बसेना तर ते शेवटच्या पानावर ठेवावे. तेथे काही वाक्ये जमली की त्यांचेच एखादे नवे घर तयार झालेले दिसते.

आठवी पायरी: उलटी परीक्षा

‘चालणे’ ही खुंटी चांगली असली तरी तिच्यावर सारे कपडे टांगता येत नाहीत, म्हणून शेवटी मराठीकडून इंग्रजीकडे जाऊन पाहावे. ‘मला चहा चालेल’ येथे ‘रन’ अजिबात चालत नाही. ‘ही फाटकी नोट चालणार नाही’, ‘आज माझे डोके चालत नाही’, ‘काय चाललंय?’ या वाक्यांतही तो बसत नाही, कारण येथे ‘चालणे’चा अर्थ अनुक्रमे स्वीकारले जाणे, काम करणे आणि घडणे असा आहे, आणि त्यांसाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या बाजूने ताप, रंग, शाई, नाक आणि आंघोळीचे पाणी यांच्याबरोबर इंग्रजी ‘रन’ वापरते, पण मराठी ‘चालणे’ वापरत नाही. या दोन याद्या समोरासमोर लिहून ठेवल्या म्हणजे आपल्या खुंटीची मर्यादा कळते.

आता सरावासाठी एक उतारा घ्या आणि पुढचे मराठी झाकून ठेवा.

‘माय अंकल रन्स अ प्रिंटिंग प्रेस. लास्ट मंडे द मशीन वॉज रनिंग वेल, बट द पेपर रॅन आउट ॲट फोर, द इंक हॅड रन ऑन द फर्स्ट फ्यू शीट्स, अँड द जॉब रॅन लेट इन्टू द नाइट. ही रॅन मी होम ॲट इलेव्हन.’

प्रत्येक ‘रन’पाशी थांबून तीन प्रश्न विचारा: कर्ता कोण, पुढे कर्म आहे का, पुढे छोटा शब्द किंवा विशेषण आहे का. मग मराठी साधारण असे उतरेल: ‘माझे काका छापखाना चालवतात. गेल्या सोमवारी यंत्र नीट चालले होते, पण चार वाजता कागद संपला, पहिल्या काही तावांवर शाई फुटली होती, आणि काम रात्रीपर्यंत लांबले. अकरा वाजता त्यांनी मला गाडीने घरी सोडले.’ सहा वेळा आलेल्या ‘रन’साठी सहा ठिकाणी चालवणे, चालणे, संपणे, फुटणे, लांबणे आणि सोडणे अशी रूपे आली, आणि ‘धावणे’ एकदाही आले नाही. आपल्या भाषांतरात ते कोठे आले असेल, तर त्या वाक्यासाठी तिसऱ्या पायरीवर परत जावे, आणि तेथेही सुटले नाही तर चौथ्या.

पुढच्या आठवड्यात असाच उतारा आपल्या कामातल्या शब्दांनी स्वतः लिहून पाहावा. शेतकऱ्याला पंप, कालवा आणि विहीर पुरतील, परिचारिकेला ताप, नाक आणि सलाइन, दुकानदाराला उधारी, संपलेला माल आणि चालता धंदा.